एपिडॉरसचं नाणं आणि अथेन्समधला दम संपलेला नट

एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहाचा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. गाइड मधोमध उभा राहतो, दगडावर नाणं टाकतो, आणि वरच्या रांगेत बसलेले पर्यटक माना डोलावतात. ऐकू आलं! मग निवेदक सांगतो की ग्रीकांचं ध्वनिशास्त्र इतकं पुढारलेलं होतं की सोफोक्लीसच्या नाटकातली कुजबुजसुद्धा शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचायची.

या एका वाक्यात तीन विधानं एकमेकांना चिकटवली आहेत. तिथे नाणं पडलेलं ऐकू येतं, हे एक. नट जे बोलायचा ते शब्दन् शब्द कळायचं, हे दुसरं. आणि ती नाटकं अशा दगडी नाट्यगृहात, अशा परिस्थितीत व्हायची, हे तिसरं. पहिलं बऱ्यापैकी खरं आहे, दुसऱ्याला अटी आहेत, तिसरं सरळ चुकीचं आहे. गंमत म्हणजे पहिल्या विधानावर डेसिबलमध्ये मोजमापं झाली आहेत, आणि तिसऱ्याकडे, ज्याच्यावर सगळं उभं आहे त्याच्याकडे, लोकप्रिय लिखाणात कोणी बघतही नाही.

विज्ञानाची पदवी घेऊन इतिहास, पुरातत्त्व, कला अशा विषयांत संशोधन करता येईल का, असं अनेक जण विचारतात. येतं. पण तिथे आपली उपकरणं घेऊन गेल्यावर नेमकी कोणती चूक होते, हे बघायला ग्रीक नाट्यगृहाइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

सुरुवात २००७ च्या एका पेपरपासून करू. निको डेक्लर्क आणि सिंडी डेकायझर यांचा हा पेपर अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या जर्नलमध्ये आला आणि तेव्हा वर्तमानपत्रांतही गाजला. त्यांचं म्हणणं असं: एपिडॉरसच्या आसनांच्या रांगा म्हणजे ठरावीक अंतरावर येणाऱ्या दगडी पायऱ्या. अशा नियमित पन्हाळीदार पृष्ठभागावरून ध्वनीचं विवर्तन होतं. त्यात सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचे आवाज दबतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सी प्रेक्षकांकडे परत फेकल्या जातात. वाऱ्याची, गर्दीची घरघर बरीचशी खालच्या पट्टीतली, त्यामुळे ती कमी होते आणि बोलणं उठून दिसतं. आता प्रश्न असा की पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते २०० हर्ट्झचा असतो, तोही दबणारच की. त्यावर त्यांचं उत्तर: मेंदू वरच्या स्वरांशांवरून हरवलेला मूळ स्वर भरून काढतो. हे काही हवेतलं नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही जायचं नाही, तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटायचा.

पेपर देखणा आहे, गणितही सुरेख आहे. माझा आक्षेप शीर्षकाला आहे. शीर्षकात आसनांच्या रांगांना या अद्भुत ध्वनीसाठी थेट ‘जबाबदार’ ठरवलं आहे, पण आतलं काम आहे ते मुख्यतः संगणकी गणिताचं. पायऱ्यांमुळे अमुक परिणाम होऊ शकतो, हे गणित दाखवतं. प्रेक्षकाला जे ऐकू येतं त्यात या परिणामाचा वाटा किती, समोरच्या सपाट जमिनीवरून होणाऱ्या परावर्तनाचा किती, आणि डोंगराच्या कुशीतल्या शांततेचा किती, हे वेगळं करायला प्रत्यक्ष मोजमाप लागतं. ‘होऊ शकतं’ आणि ‘याच्यामुळेच होतं’ यांतलं अंतर शीर्षकाने एका उडीत पार केलं, आणि बातम्यांनी उचललं ते शीर्षकच.

पाकिटाच्या मागे करण्यासारखं एक गणित करून बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एपिडॉरसची शेवटची रांग मध्यापासून साधारण ६० मीटरवर आहे. १ मीटरपासून सहा वेळा दुप्पट केलं की ६४ मीटर येतात, म्हणजे एकूण उतार ३६ डेसिबल. साधं बोलणं १ मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास, तर वर पोचतं २४. कुजबुज ३५ च्या आसपास, म्हणजे वर जवळजवळ शून्य. खणखणीत आवाजात बोलणारा तयार नट ८० पर्यंत जातो, तर वर ४४. परावर्तनामुळे यात काही डेसिबलची भर पडेल. शांत माळरानावरही पार्श्वभूमीचा आवाज ३० च्या आसपास असतो, आणि हजारो माणसं बसली की कितीतरी जास्त. म्हणजे कुजबुज शेवटच्या रांगेत पोचायला हवी तर नाट्यगृहाने तिला कमीत कमी ३० डेसिबलची भेट द्यायला हवी. मायक्रोफोन नसलेली कोणतीही इमारत इतकी उदार नसते. हे गणित पाच मिनिटांचं आहे. दंतकथेवर मॉडेल बांधायला बसण्यापूर्वी ते करायला काय हरकत आहे?

२०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गटाने खरोखर मायक्रोफोन नेले. एपिडॉरस, आर्गोस आणि अथेन्समधलं हेरोडिस अ‍ॅटिकसचं ओडिऑन अशा तीन ठिकाणी मिळून त्यांनी दहा हजारांच्या वर मोजमापं घेतली. निष्कर्ष आपल्या गणिताच्या जवळच आला. नाणं पडलं किंवा कागद फाटला की काहीतरी वाजलं, हे सगळीकडे कळतं. पण ते नाणंच आहे, हे साधारण अर्ध्या उंचीपर्यंतच ओळखू येतं. काडी ओढल्याचा आवाज त्याहून कमी पोचतो. कुजबुजीतले शब्द पुढच्या आसनांपलीकडे कळत नाहीत. मोठ्याने बोललेलं मात्र शेवटपर्यंत समजतं. ‘काहीतरी ऐकू येणं’ आणि ‘काय आहे ते कळणं’ हा फरक त्यांनी केला, हे मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. गाइडच्या प्रयोगात पर्यटकाला आधीच माहीत असतं की नाणं पडणार आहे. डोळ्यांनी दिसतंही. कान नंतर साक्ष द्यायला येतात.

मग मथळे आले की दंतकथा मोडीत निघाली. इथेही जरा थांबायला हवं. मोजलं गेलं ते आजचं एपिडॉरस: रिकामं, झिजलेलं, दुरुस्त केलेलं, आणि ज्याच्या मागची रंगइमारत आता उभी नाही असं. नटाच्या पाठीमागे भिंत असणं आणि नसणं यात ध्वनीच्या दृष्टीने बराच फरक पडतो. शिवाय माणसं बसली की पायऱ्यांच्या उभ्या दगडी बाजू त्यांच्या पायांनी आणि कपड्यांनी झाकल्या जातात; २००७ च्या मॉडेलचा सगळा भर ज्या पृष्ठभागावर, तो प्रयोगाच्या दिवशी दगडाचा राहतच नाही. थोडक्यात, एका गटाने आदर्श नाट्यगृहाचं गणित केलं, दुसऱ्याने आजच्या अवशेषाचं मोजमाप केलं. दोन्ही कामं आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. भरलेल्या नाट्यगृहातला नाट्यप्रयोग दोन्हींच्या बाहेर राहिला.

आता तिसऱ्या विधानाकडे येऊ. एपिडॉरसचं नाट्यगृह इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्यातही खालच्या ३४ रांगा आधीच्या आणि वरच्या २१ नंतर वाढवलेल्या, असं अनेक अभ्यासक मानतात. सोफोक्लीस आणि युरिपिडीस दोघंही वारले इ.स.पू. ४०६ च्या सुमारास, एस्किलस त्याच्याही अर्धशतक आधी. या तिघांनी नाटकं केली ती अथेन्समध्ये, अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनिससच्या उत्सवात. तिथे आज दिसणारं दगडी बांधकाम मुख्यतः लायकर्गसच्या काळातलं, म्हणजे इ.स.पू. ३३० च्या आसपासचं, त्यावर रोमन काळातले बदल चढलेले. पाचव्या शतकात तिथे प्रेक्षक बसायचे ते लाकडी बाकांवर. त्या बाकांच्या खांबांसाठी खणलेले खड्डे उत्खननात सापडले आहेत. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४११ च्या एका प्रहसनात बायका तक्रार करतात की नवरे युरिपिडीसचं नाटक बघून त्या बाकांवरून थेट घरी येतात आणि कुठे कोणी प्रियकर लपलाय का ते शोधायला लागतात. पुरातत्त्वाचा पुरावा आणि विनोदाचा पुरावा एकाच बाकावर येऊन बसतात, असं क्वचित घडतं.

लाकूड म्हटलं की सगळं बदलतं. बाकांच्या मधे दगडासारखी भरीव उभी बाजू असेलच असं नाही. फळ्या पोकळ जागेवर टाकलेल्या असतील तर त्या ध्वनी परत फेकण्याऐवजी थोडा गिळतील. आकारही एपिडॉरससारखा नेटका गोल होता की नाही, यावर वाद आहे. जर्मन पुरातत्त्वज्ञ डर्पफेल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थोड्याशा वक्र दगडांवरून पूर्ण वर्तुळ कल्पिलं, आणि ते पुढे कितीतरी पुस्तकांत छापलं गेलं. पण अ‍ॅटिकामधल्याच थोरिकोस गावातलं जुनं नाट्यगृह अजून आहे, आणि त्याची नृत्यभूमी आयताकडे झुकणारी आहे. अथेन्सचीही तशीच असावी, असं मानणाऱ्यांची बाजू आज कमकुवत नाही. प्रेक्षकसंख्याही तशीच. दगडी नाट्यगृहासाठी १४ ते १७ हजार हा आकडा सांगितला जातो, पण पाचव्या शतकातल्या लाकडी व्यवस्थेसाठी अलीकडचे अंदाज ४ ते ७ हजारांच्या घरात आहेत. प्लेटोच्या एका संवादात ३० हजार प्रेक्षकांचा उल्लेख येतो खरा, पण तो मेजवानीतल्या कौतुकाच्या भरातला आकडा आहे. आपल्याकडे सभेला लाखाची गर्दी जमते, त्यातला.

तेव्हा पाचव्या शतकातल्या प्रेक्षकाला काय ऐकू यायचं, हे एपिडॉरसच्या दगडाला विचारून उपयोग नाही. मग विचारायचं कोणाला? माझ्या मते हेगेलोकसला.

हा नट इ.स.पू. ४०८ मध्ये युरिपिडीसच्या ‘ओरेस्टीस’मध्ये मुख्य भूमिका करत होता. वेडाचा झटका ओसरल्यावर ओरेस्टीस म्हणतो की वादळानंतर आता समुद्र शांत दिसतो आहे. ‘शांत’ला शब्द ‘गलेना’. पुढचा शब्द स्वराने सुरू होतो म्हणून शेवटचा ‘आ’ गळतो आणि उरतं ‘गलेन’, सूर वर चढवून म्हणायचं. तेव्हाच्या ग्रीक भाषेत आघात जोराचा नव्हता, सुराचा होता. प्राचीन टीपाकार सांगतात की हेगेलोकसला नेमका तिथे दम पुरला नाही. शब्दांचा जोड तुटला, सूर वर जाऊन खाली आला, आणि त्या सुरात ‘गलेन’चा अर्थ होतो मुंगसासारखा दिसणारा एक छोटा प्राणी, उंदीर मारायला घरात ठेवायचे तो. वादळानंतर ओरेस्टीसला दिसलं मुंगूस! लोकांनी त्याला सोडलं नाही. इ.स.पू. ४०५ मध्ये, तीन वर्षांनी, अ‍ॅरिस्टोफेनीस ‘बेडूक’मध्ये त्याचं नाव घेऊन हशा मिळवतो. इतर विनोदी नाटककारांनीही ही चूक वापरली.

याकडे ध्वनिशास्त्राचा पुरावा म्हणून बघा. मुखवटा घातलेला, उघड्या जागेत उभा असलेला नट एका अक्षराचा सूर चुकवतो, आणि ते इतक्या लोकांना कळतं की तीन वर्षांनी नुसता उल्लेख पुरतो. ही काही कुजबुज नव्हे. नट मोठ्यानेच बोलत असणार. पण समजलं ते अतिशय बारीक आहे: व्यंजनं तीच, स्वर तेच, फरक फक्त सुराच्या वळणाचा. आणि सुराचं वळण राहतं मूळ स्वरात, म्हणजे २००७ च्या पेपरप्रमाणे जो पट्टा पायऱ्या दाबतात त्यातच. यावरून लगेच पेपर खोटा ठरत नाही. चिनी भाषेतही सुरावर अर्थ बदलतो आणि ती टेलिफोनवर व्यवस्थित समजते, कारण कान वरच्या स्वरांशांतून सुराचा माग काढतो. पण ग्रीक बोलणाऱ्यांसाठी ‘शब्द कळणं’ याचा अर्थ आपल्यापेक्षा वेगळा होता, हे मोजमाप करणाऱ्याने लक्षात घ्यायला हवं. सुगमतेचे नेहमीचे निर्देशांक आधुनिक युरोपीय भाषांवर बेतलेले आहेत.

या पुराव्यालाही भोक आहे, ते सांगतो. चूक किती जणांनी स्वतः ऐकली आणि किती जणांनी शेजाऱ्याकडून ऐकून हसायला सुरुवात केली, हे किश्शातून कळत नाही. पुढच्या रांगेतले पाचशे हसले की मागचे विचारणारच, काय झालं? आणि तीन वर्षं गावभर चर्चा झाल्यावर सगळ्यांनीच ते ‘ऐकलेलं’ असतं. तरीही हा पुरावा योग्य शहरातला, योग्य काळातला आणि प्रत्यक्ष प्रयोगातला आहे. नाण्याकडे यातलं एकही नाही.

मुखवट्याचीही हीच गत. शाळेपासून ऐकतो की ग्रीक मुखवट्याचं तोंड कर्ण्यासारखं असायचं म्हणून आवाज मोठा व्हायचा. ही कल्पना येते कुठून? इ.स.च्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाचा रोमन लेखक गॅवियस बॅससचं मत नोंदवतो की मुखवट्यासाठीचा लॅटिन शब्द ‘पर्सोना’ हा ‘आरपार घुमणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, कारण मुखवटा आवाजाला एकच वाट ठेवतो आणि तो एकवटतो. म्हणजे एका लॅटिन शब्दाची व्युत्पत्ती सांगताना केलेला तर्क, सोफोक्लीसनंतर काही शतकांनी, दुसऱ्या देशात. पाचव्या शतकातला एकही खरा मुखवटा उरलेला नाही, कारण ते बहुधा खळ दिलेल्या तागाच्या कापडाचे असत. चित्रं आहेत. त्यांतलं सर्वांत बोलकं म्हणजे इ.स.पू. ४०० च्या सुमारासचं प्रोनोमॉसचं भांडं, इटलीत रुव्हो इथे सापडलेलं, आता नेपल्सच्या संग्रहालयात. त्यावर नट हातात मुखवटे घेऊन उभे आहेत. मुखवटे डोकं झाकणारे, चेहरे माणसासारखे, तोंडं बेताची उघडी. ५०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७० सेंटिमीटर असते. कर्ण्याने काही काम करायचं तर त्याचं तोंड या मापाच्या तुलनेत यायला हवं आणि तो हळूहळू रुंदावत जायला हवा. दोन बोटं मावतील एवढ्या भोकाने हे होत नाही. मुखवट्यामुळे आवाजाचा पोत बदलत असेल, नटाला स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येत असेल. ते तपासण्यासारखं आहे. कर्णा मात्र नव्हे. वासलेली तोंडं, उंच केशरचना आणि जाड तळांचे बूट हे सगळं नंतरच्या हेलेनिस्टिक आणि रोमन रंगभूमीचं. मुखवट्यांची जी सविस्तर यादी सगळे वापरतात, ती पोलक्सचीसुद्धा दुसऱ्याच शतकातली, पण इ.स.च्या.

मग खात्रीचं असं काय उरतं? नाटकांच्या संहिता. पण त्याही सरळ नाहीत. हस्तलिखितांत रंगसूचना जवळजवळ नाहीतच. तुमच्या हातातल्या इंग्रजी अनुवादात ‘राजवाड्यातून येते’ असं कंसात लिहिलेलं असेल तर तो संपादकाचा किंवा अनुवादकाचा अंदाज आहे. एस्किलसचं आपल्यापर्यंत आलेलं सर्वांत महत्त्वाचं हस्तलिखित इ.स.च्या दहाव्या शतकातलं, म्हणजे प्रयोगानंतर १,४०० वर्षांचं. तरीही संवाद स्वतः बरंच सांगून जातात. इ.स.पू. ४७२ चं ‘पर्शियन्स’ मागे कोणतीही इमारत नसताना होऊ शकतं, असं बहुतेकांचं मत आहे. इ.स.पू. ४५८ च्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये मात्र पहिलाच माणूस राजवाड्याच्या छपरावर पहारा देतोय, आणि पुढे सगळं नाटक एका दाराभोवती फिरतं: ते दार कोणाच्या ताब्यात आहे, कोण कोणाला आत नेतं. म्हणजे त्या चौदा वर्षांत कधीतरी मागे एक लाकडी इमारत आली आणि एस्किलसने तिला जवळजवळ पात्र करून टाकलं. यंत्रांची साक्ष विनोदी नाटककार देतात. इ.स.पू. ४२१ च्या ‘शांती’मध्ये नायक शेणकिड्यावर बसून स्वर्गाकडे उडतो आणि मधेच घाबरून क्रेन चालवणाऱ्यालाच सांगतो की बाबा, नीट लक्ष दे. क्रेन होती, ती माणूस चालवायचा, आणि ती डगमगायची, हे सगळं एका विनोदात.

संहितेतून काढलेलं सर्वांत सुंदर अनुमान नटांच्या संख्येचं आहे. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की दुसरा नट एस्किलसने आणला, तिसरा सोफोक्लीसने. (‘काव्यशास्त्रा’चा विंदा करंदीकरांनी केलेला मराठी अनुवाद आहे, त्यातलं चौथं प्रकरण बघा.) बोलणारे नट तीनच, हा नियम होता असं समजून नाटक तपासता येतं, एखादं गृहीतक तपासतो तसं. एस्किलसच्या ‘खोएफोरी’त ओरेस्टीस आईला मारायला तलवार उपसतो आणि क्षणभर कचरतो. सोबतचा मित्र पिलाडीस सगळं नाटक गप्प उभा आहे. ओरेस्टीस त्याला विचारतो, आणि तो तीन ओळी बोलतो. फक्त तीन. पण थोड्याच ओळींपूर्वी एक नोकर बोलून गेलेला असतो. तीनच नट असतील तर त्या नोकराच्या नटाने आत जाऊन, कपडे-मुखवटा बदलून, पिलाडीस होऊन यायला हवं, तेही डझनभर ओळींच्या आत. ही अडचण प्राचीन टीपाकारालाही दिसली होती. चार जण बोलू नयेत म्हणून नोकराचाच पिलाडीस केला, असं तो लिहितो. त्याने हे कुठून माहिती मिळवून लिहिलं की आपल्यासारखाच नियमावरून हिशोब केला? मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. मग त्याचं म्हणणं नियमाला स्वतंत्र आधार ठरत नाही. आणि सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर इ.स.पू. ४०१ मध्ये सादर झालेलं ‘कोलोनसचा ईडिपस’ तीन नटांत बसवायचं तर थीसियसची एकच भूमिका वेगवेगळ्या प्रवेशांत वेगवेगळ्या नटांना वाटून द्यावी लागते. मुखवट्यामुळे चेहरा तोच राहील. आवाजाचं काय? नियम वाचवायला आपण किती ताणायला तयार आहोत, हे प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवावं.

ऑलिव्हर टॅपलिन यांनी १९७७ च्या एस्किलसवरच्या पुस्तकात या पद्धतीला शिस्त लावली. त्यांचं सूत्र साधारण असं: रंगमंचावरची महत्त्वाची प्रत्येक कृती संवादातच सूचित होते, म्हणून संवादात जिचा मागमूस नाही ती कल्पू नये. यामुळे जुन्या संपादकांनी रंगवलेले रथ-घोडे-मिरवणुका बऱ्याच प्रमाणात आवरल्या गेल्या, हे मोठंच काम. पण सूत्रात एक गाळणी लपलेली आहे. जे संवादात नाही ते आपण आधीच महत्त्वाचं नाही असं ठरवतो, आणि मग म्हणतो की महत्त्वाचं सगळं संवादात आहे. कॅसँड्रा घ्या. ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये ती राजाबरोबर येते आणि कितीतरी वेळ एक शब्द बोलत नाही. राणी तिच्याशी बोलते, तरी नाही. दोन नटांची सवय असलेल्या प्रेक्षकाला वाटलं असणार, ही मुकी सोबतीण. मग ती किंचाळते. तो सगळा वेळ ती काय करत होती? स्थिर उभी होती की थरथरत होती, मुखवटा कुठे वळला होता? त्या मौनावर प्रवेश उभा आहे आणि शब्द त्याबद्दल फारसं सांगत नाहीत.

शब्दांखेरीज दुसरी मोठी हरवलेली गोष्ट म्हणजे गाणं-नाचणं. शोकांतिकेचा समूह आधी बारा जणांचा, मग पंधरा, सोबत ऑलोस वाजवणारा एक. लिसियसच्या एका भाषणात एक श्रीमंत अथेनियन सांगतो की शोकांतिकेच्या समूहावर त्याने ३० मिना, म्हणजे ३,००० द्राक्मा खर्च केले. कुशल कारागिराची रोजची मजुरी त्या काळी द्राक्माभर. आठ वर्षांची मजुरी एका उत्सवातल्या गाण्यानाचण्यावर! आज त्या संगीताचे काही तुकडेच उरलेत. त्यांतला एक, पपायरसवरचा, योगायोगाने ‘ओरेस्टीस’चाच आहे. ध्वनीवरच्या चर्चेत हा पैसा दिसतच नाही, सगळी चर्चा एकट्या बोलणाऱ्या माणसाची चालते. पंधरा जण एकसुरात गाताना शब्द किती कळतात, हे एकट्या नटाच्या मोजमापातून निघणार नाही.

यात पीएचडीचा विषय शोधत असाल तर मी स्वतः काय करायला सांगेन? अथेन्ससारख्या उताराची एखादी टेकडी, लाकडी बाक, त्यावर खरी माणसं, मागे लाकडी भिंत, नटाला कापडी मुखवटा. नाणं घरी ठेवायचं. नटाला सूर चढता आणि सूर पडता असे ‘गलेन’ मिसळून शंभर वेळा म्हणायला लावायचं, आणि कोणत्या रांगेपर्यंत लोक समुद्र आणि मुंगूस वेगळे ओळखतात ते मोजायचं. ऐकणारे सुराच्या भाषेत वाढलेले हवेत, कारण आजच्या ग्रीकमध्ये तो सुराचा आघात उरलेला नाही. पंजाबी चालेल, चिनी चालेल. बाकांच्या फळ्यांत फटी ठेवून एकदा आणि फटी बुजवून एकदा. मग तोच प्रयोग पंधरा जणांच्या समूहाला घेऊन.